एआयमुळे कोणत्या कामाची मागणी घटली, कशाची वाढली? मराठवाड्यातल्या लेकरांनी नेमकं काय शिकावं

मांजराकाठ (लातूर)

तालुक्याच्या गावापर्यंत 'एआय कोर्स'च्या पाट्या पोचल्यात. आयबाप कर्ज काढून फी भरायलेत, आणि शिकवतात काय, तर चॅटजीपीटीला प्रश्न कसा विचारायचा. म्हणून हा धागा.

आकडे आधी मांडतो. जागतिक आर्थिक मंचाच्या जानेवारी २०२५ च्या अहवालाचा अंदाज असा की २०३० पर्यंत जगभरात १७ कोटी नवी कामं तयार होतील आणि ९ कोटी २० लाख कामं जातील. सगळ्यात वेगानं घटणाऱ्यांत टपाल कारकून, बँकेतले रोखपाल आणि डेटा एंट्रीवाले आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२३ च्या अभ्यासातही कारकुनी कामालाच सर्वाधिक धोका दिसला: २४ टक्के कारकुनी कामं एआयच्या थेट टप्प्यात, आणखी ५८ टक्के मध्यम टप्प्यात.

आपल्याकडं बी.कॉम., बी.ए. करून टायपिंग, एमएस-सीआयटी, टॅली शिकणारी लेकरं ह्याच रांगेत उभी आहेत. तेव्हा ज्याला ज्या कामातलं कळतं त्यानं लिहावं: कोणता भाग गेला, कोणता वाढला, शिकायला काय लागतं, कुठं चुकतं. 'एआय शिका' असं मोघम नको.

वहीखातं

हिशेबाच्या कामाचं सांगतो. टॅलीत बिलं टाकणं, एवढंच येणाऱ्याची गरज झपाट्यानं कमी होतेय. बिलाचा फोटो किंवा पीडीएफ दिला की एआय त्यातून पार्टी, तारीख, बिल नंबर, एचएसएन (मालाचा कर-संकेतांक), रक्कम काढून एक्सेलमध्ये मांडतं, तिथून टॅलीत इम्पोर्ट होतं. मागणी वाढलीय ती हे आलेलं तपासणाऱ्याची. कारण चुका कमी असल्या तरी त्या दिसायला अगदी बरोबर दिसतात.

पहिली तपासणी जीएसटी नंबरची. १५ अक्षरं. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७), पुढची १० अक्षरं पॅन, मग नोंदणीचा क्रमांक, साधारणपणे झेड आणि शेवटी तपासणी-अक्षर. पॅनमध्ये आधी ५ अक्षरं, मग ४ अंक, मग १ अक्षर. फोटोतून वाचताना शून्य आणि ओ, पाच आणि एस, आठ आणि बी यांची अदलाबदल होते. कुठल्या जागी अंक हवा नि कुठं अक्षर, हे एक्सेलच्या सूत्रात बसवलं की यातल्या बहुतेक चुका सापडतात. अंकाच्या जागी दुसराच अंक वाचला असेल तर मात्र शेवटचं तपासणी-अक्षर जुळवून बघावं लागतं.

दुसरी, तारीख. ०४/०७ म्हणजे ४ जुलै की ७ एप्रिल? परदेशी घडणीचं साधन कधीकधी महिना आधी धरतं. बिल वेगळ्या महिन्यात जातं आणि जुळवणी फिसकटते.

तिसरी, कराचा दर. लातूरच्या डाळ मिलचं उदाहरण घ्या. २५ किलोपर्यंतचं लेबल लावलेलं पाकीट असेल तर ५ टक्के. सुटी डाळ किंवा त्याहून मोठं पोतं करमुक्त. एआय 'तूरडाळ' एवढा शब्द बघतं आणि सगळ्याला एकच दर लावतं. पोत्याचं वजन बिलावर कुठं लिहिलंय ते माणसालाच बघावं लागतं.

चौथी आणि मोठी गोष्ट म्हणजे जीएसटीआर-२बीशी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारा उतारा) जुळवणी. २बी पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं, मासिक विवरणपत्र ३बी २० तारखेपर्यंत भरायचं, म्हणजे हातात सहा दिवस. बिल नंबर एकीकडं '०२४/२५-२६' आणि दुसरीकडं '२४' असा असतो. म्हणून आधी नंबरातलं वर्ष, तिरप्या रेघा, पुढची शून्यं काढून टाकायची; मग जीएसटी नंबर, साफ केलेला बिल नंबर आणि करपात्र रक्कम (१ रुपयाची सूट धरून) या तिन्हींवर जुळवायचं. जे उरेल त्याचं कारण शोधायचं: पुरवठादारानं भरलंच नाही, चुकीच्या नंबरावर भरलं, की आपल्याकडं दोनदा चढलं. आणि २बीत दिसलं म्हणून प्रत्येक क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेता येत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) खाली अडवलेल्या खरेद्या वेगळ्या काढाव्या लागतात. हे सगळं येणारं पोरगं आडतीवर, मिलमध्ये, सीएच्या ऑफिसात कुठंही लागतं.

गोदाकाठ_नांदेड

मग टायपिंगचं सर्टिफिकेट काढायचं की नाही? क्लासवाले म्हणतात काढा, पुतण्या म्हणतो आता बोललं की टाइप होतं.

वहीखातं

सरकारी लिपिक-टंकलेखक भरतीचा विचार असेल तर काढाच, दादा. मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट ही अट भरतीच्या नियमातली आहे, ती एआयनं जात नाही. खासगी नोकरीत त्याचं वजन आता उरलेलं नाही. तिथं एक्सेलमधलं एक्सलूकअप, पिव्होट टेबल आणि पॉवर क्वेरी बघतात.

शेंद्रा_लाईन

कारखान्याचं लिहितो, जरा सविस्तर, कारण वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा इथं येणाऱ्या पोरापोरींना हा बदल आधी भिडणार आहे.

टेबलावर बसून डोळ्यांनी जॉब (मशीनवर तयार झालेला भाग) बघणं, म्हणजे फायनल इन्स्पेक्शन, एआयच्या कॅमेऱ्याकडं चाललंय. या टेबलांवर बाया-पोरींची संख्या मोठी आहे, त्यामुळं हा प्रश्न हलका घेऊ नये. मात्र कॅमेरा टांगला की काम सुरू, असं कुठंच होत नाही.

हिशेब बघा. जॉब १०० मिलिमीटर रुंद, पकडायचा ओरखडा ०.२ मिलिमीटर. ५ मेगापिक्सेलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात आडवे २४४८ पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलला साधारण ०.०४ मिलिमीटर. ओरखडा ५ पिक्सेलवर येतो, भागतं. उद्या ग्राहकानं ०.०५ मिलिमीटरचा मागितला तर तो एका पिक्सेलवर येईल. तिथं कुठलंही एआय मॉडेल टिकत नाही, मोठा कॅमेरा तरी घ्या नाहीतर एका फोटोत जॉबचा छोटा भाग तरी बघा. आता पट्टा सेकंदाला २०० मिलिमीटर चालतोय आणि एक्स्पोजर (फोटो घ्यायला लागणारा वेळ) १ मिलिसेकंद ठेवलंय. फोटो निघेपर्यंत जॉब ०.२ मिलिमीटर सरकतो, म्हणजे ओरखड्याएवढाच. फोटो पुसट. एक्स्पोजर १०० ते १५० मायक्रोसेकंदांवर आणावं लागतं, मग उजेड कमी पडतो, म्हणून स्ट्रोब, म्हणजे क्षणभर झगझगणारी लाइट लागते. चकचकीत गोल जॉबला समोरून लाइट मारली तर तिचंच प्रतिबिंब दोष म्हणून दिसतं. तिथं सगळीकडून सारखा उजेड देणारी डोम लाइट. भोकाची कड बघायची तर मागून.

लावल्यावर काय बिघडतं? छताच्या पारदर्शक पत्र्यातून दुपारी ऊन पडतं. कूलंटची वाफ लेन्सवर बसते. वॉशिंग नीट झालं नाही की पाण्याचा डाग ओरखडा ठरतो. कास्टिंगचा पुरवठादार बदलला की पृष्ठभागाची छटाच बदलते. मॉडेल चांगले जॉब फेकायला लागतं, लाईनचं रिजेक्शन वाढतं, आणि टार्गेटच्या घाईत कुणीतरी थ्रेशोल्ड (जॉब खराब ठरवायची मर्यादा) ढिला करून ठेवतं. आकडा सुधारतो आणि खराब माल ग्राहकाकडं जातो. ही साखळी ओळखून मधेच तोडणारा माणूस कारखान्याला हवाय, आणि तो सहज मिळत नाही.

त्याची रोजची कामं अशी: पाळी सुरू होताना ठरलेले मास्टर जॉब (काही चांगले, काही खराब) कॅमेऱ्याखालून घालून निकाल नोंदवणं, फेकलेल्या मालातले चांगले जॉब वेगळे काढून त्यांचे फोटो जपणं, लेन्स पुसणं, लाइटची तीव्रता बघणं, कुणीही थ्रेशोल्ड बदलला तर तारीख, वेळ, कारण लिहून घेणं.

तेरणा_ताई (धाराशिव)

टेबलावर दहा दहा वर्षं काढलेल्या बायांना यात जागा आहे का, की इंजिनिअरिंगचीच पोरं घेतात?

शेंद्रा_लाईन

जागा आहे ताई, पण मागून घ्यावी लागते. मॉडेल शिकवायला फोटोंवर 'ओरखडा', 'ब्लो होल' (ओतकामातलं भोक), 'बर' (कडेला राहिलेली धार) अशा खुणा कराव्या लागतात. कास्टिंगमधलं भोक आणि कूलंटचा थेंब यातला फरक फोटोवरून सांगायला अनुभवी डोळाच लागतो; नव्या इंजिनिअरनं केलेल्या खुणांवर मॉडेल चुकीचं शिकतं.

क्वालिटीत अॅट्रिब्यूट एमएसए म्हणून अभ्यास करतात, तपासणाऱ्यांचे निर्णय जुळतात का ते बघायला. ५० जॉब, ३ तपासणारे, प्रत्येकानं ३ वेळा, जॉबची ओळख लपवून. त्यावरून 'कॅपा' (kappa) नावाचा आकडा निघतो, ०.७५ च्या वर असेल तर एकमत चांगलं. ज्या बाईचा आकडा सातत्यानं वर आहे तिला खुणा करण्याच्या कामावर घ्या, असं सुपरवायझरला कागदावर दाखवता येतं. त्यासाठी शिकायचं तेवढं थोडकंच: संगणकावर फोल्डर सांभाळणं, खुणा करण्याचं सॉफ्टवेअर, दोषांची इंग्रजी नावं.

शिल्प_निदेशक

आयटीआयच्या पोरांसाठी. टर्नर, मशिनिस्टची पोरं आता सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) प्रोग्रॅम एआयकडून लिहून घ्यायलेत. लिहून घ्यायला हरकत नाही, पण तो सरळ मशीनवर चढवला तर टूल तुटेल, नाहीतर स्पिंडल जाईल. हे ओळीनं बघा:

जी२१ (मिलिमीटर) आहे का? जी२० असेल तर इंच.
जॉबचा शून्यबिंदू, जी५४, मशीनवर जिथं घेतलाय तोच प्रोग्रॅमनं धरलाय का?
व्हीएमसीवर (उभं मिलिंग मशीन) टूलची लांबी धरणारा जी४३ आणि त्याच टूलचा एच नंबर आहे का? एआय हे हमखास विसरतं, किंवा टी३ ला एच१ लावतं.
दशांश चिन्ह. फानुक कंट्रोलवर पॅरामीटर तसा असेल तर 'एक्स१०' म्हणजे ०.०१० मिलिमीटर, 'एक्स१०.' म्हणजे १० मिलिमीटर.
सायकल (भोक पाडण्यासारखी तयार आज्ञा) कुठल्या कंट्रोलची आहे? फानुकचं जी८३ सीमेन्सच्या मूळ भाषेत चालत नाही, तिथं सायकल८३ आहे.

त्यानंतर ग्राफिकमध्ये बघा, झेड १०० मिलिमीटर वर उचलून ड्राय रन (जॉबला न लागता), मग सिंगल ब्लॉक (एकेक ओळ), रॅपिड २५ टक्क्यांवर. फीड आणि स्पीड एआयनं दिलेला कधीच जसाच्या तसा घेऊ नये. त्याला आपल्या टूलचा ग्रेड, जॉब किती बाहेर निघालाय, पकड किती घट्ट आहे, यातलं काही माहीत नसतं.

मागणी कुणाची वाढली म्हणाल, तर सेटरची. नुसता सायकल-स्टार्ट दाबणारा ऑपरेटर रोबोच्या हातानं बदलता येतो. ऑफसेट घेणारा, इन्सर्ट का चिपला हे कारणासकट सांगणारा, पीएलसीची लॅडर (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा प्रोग्रॅम) वाचणारा बदलता येत नाही. त्यासाठी चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमचे छोटे कोर्स बघा. शिकाऊ उमेदवारी करायची तर ती अशाच विभागात मागा, पॅकिंगला बसवलं तर तक्रार करा.

जालना_रोलिंग

मेंटेनन्सचं थोडक्यात. मोटारीवर कंपनाचे सेन्सर बसवून 'एआय बेअरिंग जायच्या आधी सांगतं' हे खरं आहे, पण सेन्सर कसा बसवला त्यावर सगळं आहे. नुसत्या चुंबकानं, वर रंगाचा थर, तर वरच्या वारंवारतेचं कंपन पोचतच नाही. आणि बेअरिंगची सुरुवातीची खूण तिथंच असते. जागा घासून स्टड मारावा.

फिटर-इलेक्ट्रिशियन पोरांनी हा एक हिशेब पाठ करावा. ६२०५ बेअरिंग, १४८० आरपीएम. सेकंदाला २४.७ फेरे. बेअरिंगच्या मापांवरून येणारा गुणक लावला की बाहेरच्या रिंगचा दोष २४.७ × ३.५८, म्हणजे ८८ हर्ट्झच्या आसपास. आतल्या रिंगचा २४.७ × ५.४२, म्हणजे १३४ च्या आसपास. एआयनं 'बेअरिंग खराब' सांगितलं आणि कंपनाच्या आलेखात ह्या जागी काहीच नसेल, तर आधी फाउंडेशनचा बोल्ट आणि अलाइनमेंट बघा.

रोलिंग मिलमध्ये अजून एक घोळ होतो. बिलेट (लोखंडाचा तापवलेला ठोकळा) रोलमध्ये शिरला की लोड एकदम चढतो. एकच मर्यादा लावली तर दिवसभर खोटे अलार्म येतात, लोक अलार्म बंद करून ठेवतात, आणि खरा येतो तेव्हा कुणी बघत नाही. लोड असताना आणि रिकामं असताना अशा दोन मर्यादा वेगळ्या ठेवाव्यात.

कोडवाली_संभाजीनगर

सॉफ्टवेअरचं वास्तव कडू आहे, पण लिहायलाच हवं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगारनोंदींवरून दाखवलं की एआयच्या टप्प्यातल्या कामांत २२ ते २५ वयाच्या लोकांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घसरला. त्याच कामांतल्या अनुभवी लोकांचा टिकून राहिला किंवा वाढला. टीसीएसनं जुलै २०२५ मध्ये सुमारे १२,००० लोक कमी करणार असं जाहीर केलं. तो फटका मात्र मुख्यतः मधल्या-वरच्या फळीला होता. म्हणजे दोन्ही टोकं हलतायत.

इथली पोरं पुण्याला मुलाखतीला जातात तेव्हा 'पोर्टफोलिओ वेबसाइट' आणि 'टू-डू ॲप' घेऊन जातात. ते आता एआय काही मिनिटांत करतं, त्यामुळं त्याचं कुणाला अप्रूप नाही. दुसऱ्यानं किंवा एआयनं लिहिलेला कोड वाचून चूक काढता येते का, हे विचारतात. एआयच्या कोडमध्ये ठरावीक चुका वारंवार सापडतात: वापरणाऱ्यानं टाकलेला मजकूर थेट एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला आज्ञा द्यायची भाषा) जोडणं, पासवर्ड किंवा गुप्त 'की' (key) कोडमध्येच लिहून ठेवणं, अस्तित्वातच नसलेली लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) मागणं (त्याच नावानं कुणी घातक पॅकेज टाकून ठेवलं असेल तर संपलं), रिकामी यादी, शून्य रक्कम, दोनदा दाबलेलं बटण यांचा विचार नसणं, आणि चूक झाली तरी ती गिळून 'यशस्वी' दाखवणं.

सरावासाठी एकच प्रोजेक्ट घ्या, आपल्या भागातला. उदाहरणार्थ बाजार समितीच्या आवक-भावाची नोंद. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टेबलं स्वतः आखा, कोड एआयकडून लिहून घ्या, पण टेस्ट स्वतः लिहा. गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) प्रत्येक बदलाचं कारण लिहा. मुलाखतीत ती कारणंच बोलतात. एसक्यूएलचे जॉइन, ग्रुप बाय, विंडो फंक्शन हे कागदावर लिहिता आलेच पाहिजेत.

गोदाकाठ_नांदेड

व्हॉट्सअॅपवर 'घरबसल्या एआय डेटा लेबलिंग, नोंदणी फी भरा' असे मेसेज येतात. खरं असतं का?

कोडवाली_संभाजीनगर

फी मागितली तिथंच थांबा. खुणा करण्याचं, मराठी आवाजाचे नमुने देण्याचं, भाषांतर तपासण्याचं काम खरोखर असतं, पण ते देणारे चाचणी घेतात, पैसे घेत नाहीत. फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे: करारावर सही घेतात, अशक्य अचूकता मागतात, मग 'दंड भरा नाहीतर कोर्ट' अशी नोटीस पाठवतात. घाबरून पैसे देऊ नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा; जितका लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आधार आणि पासबुकाचे फोटो तर कुणालाच देऊ नका.

परभणी_शिवार

शेतीचं राहिलं. राज्यानं २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण आणलं, त्यामुळं 'शेतीत एआय'ची हवा आहे. गावपातळीवर मागणी निघतेय ती दोन प्रकारच्या माणसांची.

एक, ड्रोन फवारणीवाला. वय १८ ते ६५, दहावी पास, डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) मान्यता असलेल्या संस्थेतून रिमोट पायलट सर्टिफिकेट. उडवायला लोक लवकर शिकतात, पण पैसे बुडतात ते बॅटऱ्यांत आणि नोझलमध्ये. १० लिटरच्या टाकीवर साधारण एक एकर होतं. वारा वाढला की औषध शेजारच्या रानात जातं, म्हणून सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा. मिश्रण गाळून घेतलं नाही तर नोझल चोंदतं आणि मधे पट्टे कोरडे राहतात.

दोन, फोटोवरून आलेलं निदान रानात जाऊन तपासणारा. सोयाबीन पिवळं पडलं की ॲप बरेचदा 'पिवळा मोझॅक' म्हणतं. आपल्या चुनखडीच्या जमिनीत, पाऊस लागून राहिला की लोहाची कमतरता पडते आणि तेही पिवळंच दिसतं. वरची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, आणि शेताच्या सखल, पाणी साचणाऱ्या भागात पट्टा, तर लोह. पानावर वेडेवाकडे पिवळे-हिरवे चट्टे, झाडं विखुरलेली, पानाखाली पांढरी माशी, तर मोझॅक. एकाला अन्नद्रव्याची फवारणी लागते, दुसऱ्यात झाडं उपटून पांढरी माशी आवरावी लागते. कपाशीच्या लाल्याचंही (पानं लाल पडणं) तसंच: मॅग्नेशियम कमी, नत्र कमी, रात्रीची थंडी, की तुडतुडे, हे एकट्या पानाच्या फोटोत दिसत नाही. बी.एस्सी. ॲग्री, कृषी पदविकेच्या पोरांनी हा फरक पक्का करावा. कृषी सेवा केंद्रवाले आणि शेतकरी कंपन्या अशा पोरांना विचारत येतात.

मांजराकाठ (लातूर)

सगळ्यांचे आभार. एक शेवटचा प्रश्न, कारण निरोपात बऱ्याच जणांनी विचारलाय: फी भरायच्या आधी कोर्स पारखायचा कसा?

शिल्प_निदेशक

संस्थेत जाऊन चार गोष्टी मागा. अभ्यासक्रम तासांसकट कागदावर. मागच्या तुकडीतल्या कुणाचाही पूर्ण केलेला प्रोजेक्ट, चालू अवस्थेत. प्रत्यक्ष सरावाला किती मशीन किंवा संगणक आहेत आणि एकावर किती जण बसतात. आणि फी परत मिळण्याचा नियम, लेखी. 'शंभर टक्के नोकरी' म्हणणाऱ्याकडून नियुक्तिपत्र कोण देणार त्या कंपनीचं नाव लिहून घ्या. टाळाटाळ झाली की उठा.

त्याआधी फुकटचं वापरून बघा. एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाइन) कोर्स 'स्वयम' या सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क बघता येतात, पैसे लागतात ते परीक्षेचेच. विद्यापीठाच्या आवारातलं नायलिट (केंद्र सरकारची संगणक-इलेक्ट्रॉनिक्स प्रशिक्षण संस्था) केंद्रही संभाजीनगरला आहे, तिथं चौकशी करा.

वहीखातं

बी.कॉम. शेवटच्या वर्षाच्या पोरांसाठी भर घालतो. पहिला महिना एक्सेल आणि पॉवर क्वेरी. दुसरा महिना एखाद्या ओळखीच्या दुकानदाराची तीन महिन्यांची खरेदी बिलं त्याच्या परवानगीनं घ्या, पार्टीची नावं आणि बँकेचा तपशील झाकून एआयकडून वाचून घ्या, आणि प्रत्येक चूक वेगळ्या रकान्यात लिहा: कोणता रकाना, काय वाचलं, खरं काय होतं. तिसरा महिना २बीशी जुळवणी. हाताने लिहिलेली मराठी बिलं मुद्दाम घ्या. तिथं १ आणि ९, ५ आणि ६ यांचे गोंधळ सर्वाधिक होतात, त्यामुळं बिलाची बेरीज ओळींच्या बेरजेशी जुळते का हे सूत्र प्रत्येक बिलाला लावा. मुलाखतीला जाताना हा चुकांचा तक्ता छापून न्या.